रेघेपर्यंत पाणी

सव्वासहाला उर्मिला हॉलमध्ये आली आणि माशांच्या काचेच्या टाकीपाशी थबकली. समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा तो समुद्रातला जीव, जागेवर नव्हतं. दोन वर्षं ज्या दगडाच्या खाचेत ते पाय रोवून बसलं होतं ती खाच रिकामी होती, आणि तिथला दगड आजूबाजूपेक्षा फिकट दिसत होता, भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर मागचा रंग दिसतो तसा. नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे त्या रिकाम्या खाचेवर नेहमीसारखे हेलकावे खात होते. त्यांना अजून कळलं नव्हतं, किंवा कळूनही दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. उर्मिलाने आधी पंपाची जाळी बघितली. भटकायला लागलेलं समुद्रफूल पंपाकडे ओढलं जातं आणि त्याच्या चिंध्या होतात, हे तिने पुस्तकात वाचलं होतं आणि एकदा डोळ्यांनी बघितलंही होतं. जाळी स्वच्छ होती. मग ती गुडघ्यांवर बसली. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दगडांच्या आड, ते सापडलं. परवापर्यंत बशीएवढं पसरणारं फूल आता मुठीएवढं झालं होतं. बोटं लोळागोळा झाली होती आणि मधलं तोंड उघडं पडलं होतं, झोपेत म्हाताऱ्या माणसाचं पडतं तसं. तिने झाकण उचलून नाक पाण्याशी नेलं. मेलेल्याचा वास लपत नाही, पाच मिनिटांत घरभर होतो. वास फक्त मिठाचा होता. म्हणजे जिवंत होतं. उठता उठता तिची नजर सवयीने काचेवरच्या पांढऱ्या रेघेवर गेली. पाणी रेघेला टेकलेलं होतं. तिचा नवरा, धनंजय, भरून गेला होता.

खिडकीशी नाना डोळे मिटून जप करत होते. त्यांच्याजवळ पाटावर त्यांचा तांब्या उपडा घातलेला होता आणि पळी त्याच्यावर आडवी. सासरे जपाला बसले की बोलायचं नाही, हे ते फेब्रुवारीत गुहागरहून आले तेव्हाच ठरलेलं होतं. तिने टाकीतलं शंभर मिलीलिटर पाणी एका बाटलीत घेतलं, बाटलीवर तारीख घातली, पंचवीस मे नव्याण्णव, आणि ती पर्समध्ये उभी ठेवली. सातला लॅबची व्हॅन खाली यायची.

ती रेघ तिनेच ओढली होती, तेलखडूने, टाकी आणली त्या दिवशी. टाकी एकशेवीस लिटरची. शारजात एसी बारा महिने चालतो, आणि एसीच्या हवेत टाकीतलं पाणी दिवसाला अर्धं बोट उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज रेघेपर्यंत गोडं पाणी घालायचं, गाळलेलं, नाहीतर आतला समुद्र दिवसेंदिवस खारट होत जातो आणि आतल्या जिवांना कुणी तरी हळूहळू पिळतंय असं होतं. पहिल्या महिन्यात तिने धनंजयला हे सगळं सांगितलं होतं, आणि त्याच्या जोडीला काय करायचं नाही त्याची यादीही: हात साबणाचे असताना बुडवायचे नाहीत, हॉलमध्ये झुरळांचा स्प्रे मारायचा नाही, पाहुण्यांना काचेवर टिचक्या मारू द्यायच्या नाहीत. त्याने यादी ऐकून दोन्ही हात वर केले होते. "खलास. मी बघतो फक्त. ऑडियन्स." तेव्हा दोघं हसली होती. मग दोन वर्षं रोज सकाळी तीच पाणी भरत आली, आणि सात मेला उठून बघते तर पाणी रेघेवर होतं.

सात मे तिला नीट आठवत होती कारण चार मेला भांडण झालं होतं. भांडण म्हणावं असंही नाही. रत्नागिरीच्या कॉलेजातून पत्र आलं होतं, जिथे ती शिकली होती तिथूनच. सागरी प्राणिशास्त्र शिकवायची जागा, सोळा जूनला रुजू व्हायचं, होकार सत्तावीस मेपर्यंत फॅक्सने कळवायचा. तिने पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं आणि धनंजयने ते हात पुसून, उभ्यानेच वाचलं होतं. त्याचं काम रास अल खोरच्या गोदामात, स्पेअर पार्ट्सचं, त्याला कागद उभ्यानेच वाचायची सवय. वाचून त्याने तो घडीवर घडी घालून परत केला. "जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही." एवढंच. आवाज चढला नाही, काही फुटलं नाही. पण त्यानंतर दोघांमध्ये फक्त दूध, लाँड्री आणि नानांची औषधं एवढेच विषय उरले. अडवणार नाही. ती हे दोन शब्द लॅबमध्ये, व्हॅनमध्ये, भाजी चिरताना उलटेसुलटे करून बघायची. कधी त्यात मोठं मन दिसायचं आणि कधी दार लोटून घेतल्याचा आवाज ऐकू यायचा. तेच दोन शब्द, तोच माणूस. नमुना एक आणि प्रत्येक वेळी मोजमाप वेगळं येतंय, म्हणजे यंत्रात बिघाड आहे, आणि यंत्र ती स्वतः होती.

आणि मग सात तारखेला रेघेवर पाणी. आठला, नऊला, रोज. दुबईचा रस्ता तुंबायच्या आत निघावं म्हणून धनंजय सव्वापाचला घर सोडायचा. तिला रात्री झोप लागेना, पहाटे कुठे डोळा लागायचा आणि सव्वासहाला जाग यायची. म्हणजे तो अंधारात उठून, आवाज न करता, पाणी भरून जातो. ज्याला हात लावायची मुभा नव्हती त्याने हात लावला होता, आणि बरोबर रेघेपर्यंत, ना वर ना खाली. तिने त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खांदे उडवून काहीतरी बोलला असता आणि ते नासलं असतं. होकाराचा फॅक्स तिने लिहून ठेवला होता, सही तेवढी राहिली होती, आणि रोज सकाळी त्या रेघेकडे बघून ती सही उद्यावर टाकत होती. वीस दिवस ती एका ओल्या रेघेच्या आधारावर इथे राहत होती. आणि त्याच वीस दिवसांत समुद्रफूल आक्रसत गेलं होतं. आधी टाकीतल्या दोन गोगलगायी मेल्या, मग खेकड्याएवढा तो काचेसारखा झिंगा. मासे मात्र ठणठणीत. हाडं असलेले ठणठणीत आणि बिनहाडाचे मरतायत, ही खूण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळली असती. उर्मिलाने खारटपणा मोजला, तापमान मोजलं, अमोनिया मोजला, दिवा बदलला. एक गोष्ट मोजली नाही. ती मोजायची तर रोज सकाळी त्या टाकीत कोण काय ओततं हे बघावं लागलं असतं.

लॅब अजमानला होती. इमारतींच्या टाक्यांचं पाणी, पोहण्याच्या तलावांचं पाणी, ओळीने बाटल्या. दुपारच्या सुट्टीत तिने आपली बाटली काढली, खाऱ्या पाण्यासाठी लागतं तसं ते आधी पातळ केलं, आणि तांब्याच्या चाचणीची पूड त्यात टाकली. दोन मिनिटं थांबायचं असतं. ती थांबली. पाणी जांभळं होत गेलं. फिकट नाही, वांग्याच्या सालीसारखं. शेजारच्या टेबलावर डबा खाणाऱ्या मंजुषाने मान लांब करून बघितलं.

"कुठलं ग हे? कुणाच्या टाकीत तांब्याच्या तारा पडल्यात?"

"माझ्या."

"समुद्रफुलाच्या? अगं बाई!" मंजुषाचा घास हातातच राहिला. "घरात कुणी माशांचं औषध घातलं का? ते निळं मिळतं बघ दुकानात, पांढऱ्या ठिपक्यांवरचं. त्यात तांबंच असतं."

उर्मिला "बघते" म्हणाली आणि नळी धुवायला घेतली. तिने ती तीनदा धुतली. निळं औषध घरात होतं. मागच्या वर्षी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले तेव्हा धनंजयनेच ते आणलं होतं, आणि तिने बाटलीवरचं वाचून ते त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं होतं. हे या टाकीत चुकूनही नाही घालायचं, यात तांबं आहे, मासे जगतील पण फूल मरेल. त्याने बाटली हातात फिरवून विचारलं होतं, "इतक्याशाने?" आणि ती म्हणाली होती, इतक्याशानेच. म्हणजे त्याला माहीत होतं. व्हॅनमध्ये परतताना ऊन काचेतून मांडीवर पडत होतं आणि तिला आतून गार वाटत होतं. ज्या हाताने रोज पहाटे पाणी घातलं त्याच हाताने. भांडण न करणारा माणूस असंच करेल. रोज थोडं थोडं, रेघेपर्यंत, ना वर ना खाली. अडवणार नाही म्हणाला होता, आणि खरंच अडवत नव्हता. तिला इथे धरून ठेवणारी जी एक गोष्ट उरली होती ती तो विरघळवत होता. हा विचार इतका व्यवस्थित होता, सगळे आकडे त्यात इतके बरोबर बसत होते, की तिला त्याची भीती वाटली.

घरी आल्या आल्या ती बाथरूमच्या कपाटाशी गेली. निळी बाटली वरच्या फळीवर, शेव्हिंग क्रीमच्या मागे होती. तिने ती उजेडात धरली. अर्धी भरलेली. ती अर्धीच होती की आता अर्धी झाली होती? आठवेना. या घरातली एवढीच एक पातळी होती जिच्यावर तिने खूण केली नव्हती.

नवं मीठ कालवून तिने बादलीभर समुद्र तयार केला, तापमान जुळवलं, हवेची नळी सोडली. मग बाही वर करून हात टाकीत घातला आणि समुद्रफुलाच्या पायाखाली अंगठ्याची कड सरकवली. ठणठणीत फूल असं सुटत नाही, ओढलं तर फाटतं पण सुटत नाही. हे लगेच सुटून तळहातावर आलं. बादलीत सोडल्यावर ते आडवंच पडून राहिलं. नाना काठी टेकत येऊन बघून गेले.

"फूल बादलीत का ग?"

"हवापालट, नाना."

"हां." ते हसले. "आमच्या पोस्टात हवापालटाची रजा मागितली की साहेब विचारायचा, आजार कुठला ते आधी सांग."

धनंजय साडेसातला आला. फोनवर अरबाशी बोलतच बूट काढत होता, हबीबी, इन्शाल्ला, कल सुबह, आणि फोन ठेवून बादलीशी येऊन उभा राहिला. एक बूट पायात, एक हातात. "काय झालं त्याला?"

"बरं नाही."

"मरेल?"

"माहीत नाही."

तो आणखी काही तरी विचारणार होता असं वाटलं. मग त्याने दुसरा बूट काढला आणि आत गेला. मरेल? ती भात वाढताना तो एक शब्द पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. प्रश्न होता की चौकशी? की हिशेब, अजून किती दिवस? त्याने आमटी दोनदा घेतली. मासा उलटून खाल्ला, काटे ताटाच्या कडेला ओळीने लावले, नेहमी लावतो तसे. आठ वर्षं ज्या हाताकडे ती बघत आली तो हात तिला अनोळखी दिसायला लागला, आणि त्याहून वाईट म्हणजे, तो काहीच लपवत नव्हता.

बुधवारी पहाटे ती जागीच होती. त्याचा नळ, त्याचा कंगवा, स्वयंपाकघरात कपाची टिक्, मग किल्ल्या. हॉलमध्ये पावलं एकदा थांबली. सव्वापाचला बाहेरचं दार ओढलं गेलं. ती अनवाणी उठून टाकीपाशी आली. अंधुक उजेडात रेघ दिसत होती आणि पाणी तिच्याखाली अर्धं बोट होतं. त्याने भरलं नव्हतं. आजच का नाही? फूल बादलीत गेलं म्हणून गरज उरली नाही? ती तिथेच, हॉल आणि पॅसेजच्या मधल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. का उभी आहे ते तिला सांगता आलं नसतं. नानांच्या खोलीतला दिवा लागला, न्हाणीघरात पाणी वाजलं. बाहेर आभाळ राखाडीचं पिवळट झालं, समोरच्या अर्धवट बांधलेल्या टॉवरच्या सळया दिसायला लागल्या, आणि त्या सळयांच्या मधून सूर्य वर आला, धुळीने लाल झालेला, डोळे न मिटता बघता येईल असा.

नाना ओलेत्याने आले. एसीखालच्या स्टुलावरून त्यांनी भरलेला तांब्या उचलला. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटका देत येतं, म्हणून ते संध्याकाळीच तांब्या भरून रात्रभर गार करायला ठेवायचे, हे तिने रोज बघितलं होतं. चिंचेने घासून लखलखीत केलेला, दोन लिटरचा, गुहागरहून पिशवीत गुंडाळून आणलेला तांब्या. ते खिडकीसमोर, म्हणजे टाकीसमोर उभे राहिले आणि टाकीचं झाकण त्यांनी बाजूला सरकवलं. ओठ हलले. दोन्ही हातांनी तांब्या कपाळापर्यंत उंच धरला आणि पाण्याची बारीक धार टाकीत सोडली. सूर्य त्या धारेत एक क्षण चमकून गेला. एकदा, दोनदा, तीनदा. मग ते वाकले, चष्मा नसल्याने डोळे बारीक करून रेघ बघितली, आणि आणखी थोडं, आणखी थोडं, असं करत पाणी बरोबर रेघेला आणून थांबले. उरलेलं कुंडीत घातलं.

उर्मिलाचं डोकं आपोआप चालायला लागलं. दिवसाला दीड लिटर, वीस दिवस, तीस लिटर. तापलेलं पाणी, बारा तास, आंबटाने रोज नवं होणारं तांबं. पाणी उडतं, तांबं उडत नाही. एकशेवीसने भागलं. आकडा जुळला. आकडा जुळल्यावर नेहमी वाटतं ते समाधान तिला आधी वाटलं, आणि मग बाकीचं सगळं.

"नाना."

ते दचकले नाहीत. "आज लवकर उठलीस?"

"हे रोज तुम्ही घालता?"

"मग? तो खैरुद्दीन वर आला नव्हता का." वॉचमन खैरुद्दीन सहा मेला वर आला होता. आता तिला ती तारीखही आठवली. नाना बाल्कनीतून अर्घ्य द्यायचे आणि ते खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं. नाना साब, आप की पूजा का पानी मरियमबी के दुपट्टे पे गिरता है, वो तो कुछ नहीं बोलती, पर बिल्डिंग का कानून है. मरियमबी दापोलीची, तिने उलट निरोप धाडला होता की दुपट्टा पुण्यवान झाला नाना, पण वाळत नाही. घरात सगळे हसले होते. मग नाना पाणी कुठे घालतात हे कुणी विचारलं नव्हतं. "मोरीत घालवत नाही ग," नाना म्हणाले, "पायाखाली येतं. मग म्हटलं, घरात समुद्र आहे की. चाळीस वर्षं समुद्रातच उभं राहून दिलं, पाठ पाण्याकडे, तोंड डोंगराकडे. तुझी रेघ आहे, तेवढंच घालतो. तुझं एक काम वाचतं सकाळचं. मला वाटलं तुला ठाऊक आहे."

खोटं बोलणं सोपं होतं. तिने तोंड उघडलंही. पण नाना बादलीकडे बघत होते.

"बाधलं का ग त्याला?"

"थोडं."

"पाणी, की तांबं?"

"तांबं."

"आम्ही जन्मभर यातलंच प्यायलो."

"आपल्याला चालतं, नाना. त्याला नाही चालत."

त्यांनी उपरण्याने तांब्या पुसला, आतून, बाहेरून, पुन्हा आतून. "विचारायला हवं होतं मी," ते म्हणाले. तिला म्हणायचं होतं की नाही, मी विचारायला हवं होतं, पण ते पाटावर बसले होते आणि त्यांनी डोळे मिटले होते.

त्या दिवशी लॅबमध्ये तिने चाळीस नमुने तपासले आणि एकाचाही आकडा चुकला नाही. हात आपलं काम करत होते. आत मात्र तिला सारखं वाटत होतं की गेले वीस दिवस कुणी तरी पुसून टाकलेत आणि चार मेची संध्याकाळ तशीच समोर उभी आहे. विष नव्हतं. पण प्रेमही नव्हतं. एक म्हातारा माणूस आपल्या देवाला पाणी देत होता आणि वाटेत सुनेचं काम हलकं करत होता. त्या एका धारेत तिने एकदा नवऱ्याची माया वाचली आणि एकदा खून वाचला, आणि धनंजय तिथे दोन्ही वेळा नव्हता. तो दुबईच्या रस्त्यावर गाडीत होता. तिने त्याला इतक्या दूर बसून इतका मोठा केला होता आणि इतका वाईट केला होता. त्या मधल्या माणसाशी ती तीन आठवड्यांत एक पूर्ण वाक्य बोलली नव्हती.

संध्याकाळी नाना देवळातल्या भजनाहून आलेले नव्हते, शेजारच्या गाडीने ते आठला यायचे. धनंजय सोफ्यावर बूट काढत होता. ती समोर बसली.

"सकाळी टाकीत पाणी कोण घालायचं माहीत आहे?"

"तू."

"मी नाही. नाना. अर्घ्याचं. तांब्यातलं. त्यानेच ते आजारी पडलं."

त्याने रेघेकडे बघितलं. "डेली?"

"वीस दिवस."

"मला वाटलं तू." त्याने बुटाची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. "सकाळी निघताना बघायचो तर खाली असायचं. रात्री यायचो तर वर. म्हटलं, भरतेय अजून. जिला जायचंय ती कशाला भरेल?"

ही गोष्ट तिच्या कुठल्याच गणितात नव्हती. "मग विचारलं का नाहीस?"

"अडवणार नाही म्हणालो होतो ना."

"मला वाटलं तू भरतोस."

"मी?" तो हसला, आणि हसणं मध्येच थांबलं. "मला टच करायची परमिशन कुठाय?"

हे खरं होतं. यादी तिची होती. ती उठून खिडकीपाशी गेली, परत आली. आता अर्धं सांगून थांबायचं नाही असं तिने दुपारीच ठरवलं होतं. "काल, तांबं निघाल्यावर, मला वाटलं तू ते निळं औषध घालतोस. मुद्दाम."

पंपाची घरघर ऐकू येत होती. धनंजयने तिच्याकडे बघितलं. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"एवढं?"

"एवढं."

"ओके," तो म्हणाला, आणि काही वेळाने पुन्हा, स्वतःशी, "ओके."

तिने पर्समधून कागद काढला, सोफ्यासमोरच्या टीपॉयवर ठेवला आणि त्याच्यासमोर सही केली. रागाने केली नाही, त्याला दाखवायलाही केली नाही. आता काचेवर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि न वाचता, न मोजता विचारलं तर तिचं उत्तर तिला चार मेलाच माहीत होतं. तिला ती नोकरी हवी होती. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या खडकांवर ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहायचं होतं.

"सोळा जून?" त्याने विचारलं.

"सोळा जून. फॅक्स उद्या नऊला."

त्याने मान हलवली आणि पाणी प्यायला उठला. आत फ्रिजचं दार बराच वेळ उघडं राहिलं.

गुरुवारी ती उठली तेव्हा घर रिकामं होतं. सव्वासहा झाले होते. नानांची खोली उघडी, स्टुलावर तांब्या नाही, दाराशी नानांच्या वहाणा नाहीत, आणि किल्ल्यांच्या खिळ्यावर धनंजयच्या गाडीची किल्ली तशीच. टाकीतलं पाणी रेघेखाली अर्धं बोट. ती बादलीपाशी बसली. समुद्रफुलाचं तोंड मिटलं होतं. बोटं अजून आखूडच होती, पण उभी होती, हवेच्या बुडबुड्यांबरोबर हलत होती. तिने काठाशी हात धरून बादली किंचित कलती केली. फूल सरकलं नाही. रात्रीतून त्याने प्लास्टिकच्या तळाला पाय लावला होता. आता त्याला काढता येणार नव्हतं. ते आपण होऊन सोडेल तेव्हाच.

कुलूप वाजलं. नाना आत आले, धोतराची कड ओली, पायांना वाळू. "खाडीवर, त्या लगूनवर गेलो होतो," त्यांनी सांगितलं. "दहा मिनिटं लागतात. पाणी बरं आहे." तांब्या रिकामा होता. ते पाय धुवायला आत गेले. मागून धनंजय आला, त्याच्याही पँटचे पाय दुमडलेले. उशीर झाला होता, रस्ता आतापर्यंत तुंबला असणार, पण तो घाईत दिसत नव्हता. तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि गाळलेल्या पाण्याचा प्लास्टिकचा जग घेऊन आला. टाकीचं झाकण त्याने दोन्ही हातांनी उचललं, कुठे ठेवावं कळेना म्हणून काखेत धरलं, आणि एका हाताने ओतायला लागला. धार जाड पडत होती. तळाची वाळू उसळली, मासे दगडामागे पळाले.

"तू का भरतोयस?" तिने विचारलं.

त्याने मागे वळून बघितलं नाही. "तू गेल्यावर भरायला यायला नको?"

नऊला अजून अडीच तास होते. कागद पर्समध्ये होता. ती उठली, त्याच्या काखेतलं झाकण काढून घेतलं आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"एका जागी नको ओतू. फिरवत. हळू."

त्याने धार बारीक केली. पाणी चढत गेलं, रेघेच्या एक दोरा खाली आलं आणि तो थांबला.

"बस?"

"अजून थोडं," ती म्हणाली.